साबुदाण्याला साखर निघाली

माझी नणंद या घरात माझ्या आधीपासून आहे, आणि तिचं म्हणणं असं की माझ्यानंतरही तीच राहणार. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते, ती मला मास्तरीन म्हणते. मी लग्न होऊन पुलगावात आले तेव्हा ती सासर सोडून कायमची परत आलेली होती. का आली ते तिनं कधी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. मी शाळेत शिकवायला जायची, ती घर सांभाळायची. माझा एकुलता एक मुलगा माझ्यापेक्षा तिच्या मांडीवर जास्त वाढला. आता तो नागपुरात, त्याचे वडील फोटोत, आणि घरात आम्ही दोघी: दोन म्हाताऱ्या, तीन चष्मे आणि टीव्हीचा एक रिमोट. रिमोट तिच्याकडे असतो.

आमच्याकडे मधुमेह कोणाला होत नाही. साखर निघते. सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी कागद आणायचा, आणि शेजाऱ्यांना दारातूनच सांगायचं, "साखर निघाली." जशी काही अंगणातल्या विहिरीला पाणी निघालं. ताईची साखर निघाली त्याला पुष्कळ वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, साखर बंद. ताईनं ते अक्षराला अक्षर पाळलं. चहा बिनसाखरेचा. लग्नात पंगतीला बसली तर बुंदी वाढणाऱ्याकडे अशी बघायची की तो पुढच्या दोन पानांवर वाढायचा विसरून जायचा. बाकी सगळं चालू. भाकर दोन, कधी अडीच. भात. बटाट्याची भाजी. आणि दर मंगळवारी उपास, म्हणजे सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी उकडलेले बटाटे, संध्याकाळी सकाळची उरलेली उसळ.

मी एकदा म्हटलं, "ताई, साबुदाणा म्हणजेही साखरच."

"गोड लागते का?"

"नाही, पण..."

"मंग झालं त! डॉक्टरनं साखर बंद म्हटलं, साबुदाना बंद कोन म्हटलं?"

 इथं खरं सांगायला हवं. मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कर्बोदकांचा धडा मला झोपेत पाठ होता. तरी मी गप्प बसले, कारण मंगळवारी ती उसळ मीही खायची. दाण्याचा कूट तिच्या हातानं पडलेला, हिरवी मिरची, वरून लिंबू. उपास तिचा, उसळ दोघींची.

तर हा कर्बोदकांचा धडा. तरुणपणी मी तो कसा शिकवायची ते आठवलं की मला त्या बाईच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटतो. इस्त्रीची सुती साडी, केसांत क्लिपा, तोंडावर भाव असा की निसर्गानं मला विचारूनच ग्लुकोज बनवलं. फळ्यावर तीन चौकोन काढायचे. पहिल्यात एकशर्करा, म्हणजे एकेकटा मणी: ग्लुकोज, फ्रुक्टोज. दुसऱ्यात द्विशर्करा, दोन मणी जोडलेले: आपली चहातली साखर, दुधातलं लॅक्टोज. तिसऱ्यात बहुशर्करा, शेकडो-हजारो मण्यांच्या माळा: पिष्ट, सेल्युलोज, ग्लायकोजेन. मुलांनी तीन चौकोन उतरवले की धडा संपला. हात वर करणाऱ्याकडे मी अशी पाहायची की हात आपोआप डोकं खाजवायला जायचा.

तरी एका पोरीनं एकदा विचारलंच. तिच्या बापाचा कापूस होता. म्हणाली, "मॅडम, कापूस आन् ज्वारी दोन्ही ग्लुकोजच्याच माळा, त आपन कापूस काऊन नाई खात?"

काय सुंदर प्रश्न! यावर एक अख्खा तास हसतखेळत गेला असता. मी म्हटलं, "अभ्यासक्रमात नाही. बस खाली."

घरीही मी तीच बाई. नवी नवरी असताना ताई चुलीपुढे भाकरी थापत होती, आणि मी उंबऱ्यात उभी राहून ज्ञान दिलं, "ताई, ही भाकर म्हणजे खरं तर ग्लुकोजच्या मण्यांची माळ आहे."

ताईनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "मंग गळ्यात घाल. जेवून काऊन राह्यली?"

तिच्या बोलण्यालाही मी सोडलं नव्हतं. आमच्या भागात बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. मी तिला टोकायची, "करतो नाही ताई, करते." तिनं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग एक दिवस विचारलं, "पोळ्या कोन करते या घरात?" मी म्हटलं, तुम्ही. "मंग मी 'करतो' म्हनीन नाई त 'करतात' म्हनीन. तू खा." त्यानंतर मी व्याकरण शाळेतच ठेवलं.

हे सगळं इतक्या वर्षांनी उकरायचं कारण ताईच्या पायाचा अंगठा.

मागच्या हिवाळ्यात तिनं बाजारातून नवी चप्पल घेतली. अंगठ्याची. ती तिला चावली, पण तिला कळलं नाही. साखरेच्या माणसाच्या पायाला चिमटा काढला तरी बातमी वरपर्यंत पोहोचत नाही. मला दिसलं ते फरशीवर उमटलेल्या ओल्या ठशामुळं. आठ दिवसांत अंगठा सुजून लाल झाला. मी तिला घेऊन वर्ध्याला दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड आणि मध्येमध्ये हिंदीत घसरणारा. त्यानं कागद पाहिला, पाय पाहिला, आणि ताईकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाला, "मावशी, सीधी बात सांगतो. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर अंगठा काढावा लागेल. आणि हे उपास एकदम बंद. गोळी घेऊन दिवसभर नुसता साबुदाणा-बटाटा, हे नाही चालणार."

परत येताना गाडीत ताई खिडकीबाहेर बघत बसली. सेवाग्राम गेलं, तरी बोलली नाही... नाही, सेवाग्राम उलट्या दिशेला. पाहा, त्या दिवशीचं मला अजून नीट आठवत नाही इतकी मी घाबरले होते. पुलगावच्या फलाटावर उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "अंगठा गेला त चप्पल कशी टिकन पायात?"

ते ऐकून मला हसू आलं, पण टिकलं नाही. ताईचं सगळं आयुष्य चपलेवर चाललंय. सकाळी देवळात, मग भाजीबाजारात, तिथं मेथीची जुडी तीन ठिकाणी उलटीपालटी करून चौथ्या ठिकाणी घेणार. ती पायात चप्पल सरकवून "आलोच" म्हणते ना, ती आमच्या घराची घंटा आहे.

रोजची मलमपट्टी मी घरीच करायला शिकले. आयोडीनचं ते तपकिरी औषध, कापूस, जाळीची पट्टी. भाकर किती, भात किती, तेही मोजून द्यायला लागले. ताई कुरकुरत पण ऐकत होती. फक्त मंगळवार ती सोडेना. मी रागावले, मुलाकडून फोन करवला, डॉक्टरचा धाक घातला. "पाह्यन," म्हणायची. आणि मंगळवारी उजाडता उजाडता साबुदाणा भिजलेला असायचा.

असाच एक मंगळवार. ताई खुर्चीत बसलेली, पाय माझ्या मांडीवर, मांडीवर प्लॅस्टिक. तिच्या हाताशी स्टुलावर ताटली, ताटलीत उकडलेले बटाटे. मी पाय बांधत होते आणि ती बटाटे सोलत होती. वेळ वाया घालवणं तिला जमत नाही. औषधाची बाटली तिच्या ताटलीवरून पलीकडे ठेवताना माझा हात हलला आणि दोन थेंब सोललेल्या बटाट्यावर पडले.

बटाटा काळा झाला. हळूहळू नाही. पाहता पाहता, काजळ फासल्यासारखा निळाकाळा.

ताईनं बटाट्याकडे पाहिलं. मग पायाकडे. मग माझ्याकडे.

"हे औषध तू माह्या पायाले लावून राह्यली?"

"ताई, ते तसं नसतं..."

"बटाटा जळला! पाह्य त, कोळसा झाला त्याचा! आन् मी म्हनतो पाय काऊन बरा होत नाई!" तिनं पाय असा ओढून घेतला की माझ्या मांडीवरचं प्लॅस्टिकही तिच्याबरोबर गेलं. "नाई लावत मी. अंगठा डॉक्टर काढन तवा काढन, तू आधीच जाळून टाकशीन."

झालं. त्या दिवशी पट्टी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी औषधाची बाटली आणली की ती पदर पायावर ओढून बसायची. आणि पाणी सुटलेली जखम उघडी. मला तर रडूच यायचं बाकी राहिलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यातली जुनी मास्तरीन जागी झाली. म्हटलं, हिला बोलून पटत नाही, दाखवून पटेल. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी छोट्या ताटल्या मांडल्या. भाकरीचा तुकडा. भिजलेला साबुदाणा. शिंगाड्याचं पीठ. भगर. मीठ. चमचाभर साखर. दही. आणि शेवटी पट्टीसाठी आणलेला कापूस. ताई दारात, एक हात चौकटीला, चेहरा कोर्टात बसलेल्या जजसारखा.

मी सगळ्यांवर एकेक थेंब टाकला. भाकर काळी. साबुदाणा काळा. शिंगाडा, भगर काळी ठिक्कर. मीठ, दही, कापूस जसेच्या तसे, नुसता औषधाचा तपकिरी डाग.

"पाहा," मी म्हटलं, "औषध जाळतं असतं तर कापूस नसता जळला? हे औषध फक्त पिष्ट ओळखतं. पिष्टाची माळ सरळ नसते, ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. त्या वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसतं आणि रंग येतो. तुमच्या पायात पिष्ट नाही, म्हणून पाय काळा होत नाही."

"आन् कापूस?"

मला काय वाटलं म्हणून सांगू! तोच प्रश्न. त्या पोरीचा. या वेळी मी खाली बस म्हटलं नाही. म्हटलं, "कापूसही त्याच मण्यांचा. पण त्यात एक मणी उताणा, एक पालथा, एक उताणा, एक पालथा असं ओवलेलं असतं. म्हणून ती माळ वेटोळं घेत नाही, ताठ राहते. अशा ताठ माळा एकमेकींना बिलगून बसल्या की त्याचा धागा होतो. आयोडीनला शिरायला जागा नाही. आणि आपल्या पोटात पिष्टाची माळ कापायची कात्री आहे, ही उलटसुलट माळ कापायची नाही. म्हशीच्या पोटात जंतू राहतात, त्यांच्याकडे आहे ती कात्री. म्हणून म्हैस कडबा खाते आणि आपण खात नाही."

"म्हनजे माहं लुगडं आन् माही भाकर एकच."

"एकच. फक्त ओवणं वेगळं."

ताई खुशीत आली. तिनं पाय पुढं केला, मी पट्टी बांधली. मी स्वतःवर इतकी खूश, इतकी खूश की दुपारी मुलाला फोन करून सगळं दोनदा सांगितलं. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. सगळ्या ताटल्यांची नावं मी घेतली होती, एका ताटलीबद्दल काही बोलले नव्हते. ताई जाता जाता त्या ताटलीपाशी थांबली होती. साखरेच्या.

साखर पांढरीच राहिली होती. नुसता तपकिरी डाग.

पुढच्या पंधरवड्यात ताईचा मूड फार चांगला. चहा झाला की टिचक्या वाजवायची. पट्टीला पाय आपणहून द्यायची. भाकर एकच खायची, साबुदाणाही कमी केलेला. मी म्हटलं, विज्ञानाचा विजय. दवाखान्यात गेलो, डॉक्टरनं बोटातून रक्त काढलं, यंत्रात आकडा आला आणि त्याचा गोड चेहरा एकदम कडू झाला.

"मावशी, ये क्या है? हा तर वाढला! काय खाऊन राहिल्या?"

"काई नाई," ताई म्हणाली. "जे काळं पडते ते सोडलं सारं. भाकर अर्धी केली. साबुदाना नावाले." आणि मग अगदी अभिमानानं, "फक्त चहात दोन चमचे साखर घेतो आता. दिवसाले तीनदा. थे त काळी पडत नाई ना."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरच्या जंताच्या गोळ्यांच्या जाहिरातीकडे बघायला लागले.

एकतीस वर्षं! एकतीस वर्षं फळ्यावर चौकोन काढणारी मी, स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेला निर्दोष सोडवून आले होते. अहो, साखर म्हणजे दोनच मणी, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. दोन मण्यांचं कसलं वेटोळं होणार? आयोडीनला बसायला जागाच नाही, म्हणून रंग नाही. पण हे ताईला कुठं माहीत? तिच्या डोळ्यासमोर मास्तरनीनं गुन्हेगारांची ओळख परेड घेतली, आणि ज्याच्या तोंडाला काळं लागलं नाही तो सुटला.

डॉक्टरनं बाहेर बोलावून मला हळू आवाजात सांगितलं, अजून दोन आठवडे बघू. त्यानंतर तो अंगठा ठेवणार नव्हता.

घरी आलो. ताईला कळलं होतं की काहीतरी चुकलं, पण काय ते कळलं नव्हतं. ती रागावलेली. "तूच त दाखवलं. आता म्हनते साखरबी नाई, साबुदानाबी नाई. मंग काय कापूस खाऊ?"

मी म्हटलं, अजून एक प्रयोग. शेवटचा. उपासाचा दिवस नव्हता, ते बरं झालं, कारण पुढं जे झालं ते उपासाला चाललं नसतं.

मी साबुदाण्याची पातळ पेज केली, कोमट होऊ दिली आणि दोन वाट्यांत ओतली. एक वाटी ताईच्या पुढ्यात धरली.

"यात थुंका."

"काय?"

"थुंका. दोन-तीनदा. चांगलं."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की माझा मोतीबिंदू तिथंच विरघळावा. मग तिच्या चेहऱ्यावर एक हसू पसरत गेलं. "मास्तरीन," ती म्हणाली, "तुह्या वाटीत थुंकाची संधी मले पन्नास वर्षांनं भेटून राह्यली. मी काऊन सोडू?" आणि खरंच मनापासून थुंकली. कवळी काढून ठेवून.

वाटी हलवून ठेवली. अर्धा तास आम्ही मालिका पाहिली. मालिकेतल्या सुनेला सासूनं घराबाहेर काढेपर्यंत थांबलो, मग उठून दोन्ही वाट्यांत औषधाचा थेंब टाकला. साध्या वाटीतली पेज निळीशार झाली. ताईच्या वाटीतली झाली नाही. तपकिरी पिवळट पाणी.

ताई वाकून बघत राहिली. "याच्यातला साबुदाना कोठी गेला?"

"तुमच्या थुंकीनं कापला. पोटात कात्री असते म्हटलं ना, ती तोंडातही असते. माळ तुटली, तिचे दोन-दोन मणी झाले. आता तिथं पिष्ट नाही, साखरेचंच भावंड आहे. उरलेलं पोटात कापलं जातं, एकेक मणी सुटा होतो आणि रक्तात जातो. चहातली साखर दोन मण्यांची, ती पटकन जाते. साबुदाणा हजार मण्यांचा, तोही कापून तिथंच जातो. भाकर थोडी सावकाश, तिच्यात कोंडा असतो, कापसासारखा न कापला जाणारा. पण वाट सगळ्यांची एकच."

 ताईनं आपली वाटी उचलली, उजेडाकडे धरली आणि कोणाच्या तरी घरची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "म्हनजे साबुदान्यालेबी साखर निघाली म्हन."

एकतीस वर्षांत माझ्या वर्गात इतकं नेमकं वाक्य कोणी लिहिलं नव्हतं. मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. पण ती हसत नव्हती. वाटी तिनं मोरीत ओतली, विसळली, पालथी घातली. आणि पाठमोरीच म्हणाली, "समजलं मले. साखर सोडतो. साबुदाना सोडतो. पन मंगळवार नाई सोडता येत."

"मग निराहार करणार? गोळी घेऊन? चक्कर येऊन पडाल. ताई, आपण उद्यापन करू. भटजींना बोलावू, पाच सवाष्णी जेवू घालू. रीतसर सोडता येतं."

"उद्यापन बोललेल्या उपासाचं होते. अकरा मंगळवार बोलले, अकरा झाले, उद्यापन केलं. माहा आकडाच नाई."

आता हा मंगळवार कुठून आला ते सांगते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना त्याला मुदतीचा ताप आला. उतरेचना. मला बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला आलेले होते; मी रात्रंदिवस त्याच्या उशाशी नव्हते, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. ताई होती. तिनं मंगळवार धरला. ताप उतरला तेव्हा मी, ती क्लिपावाली, इस्त्रीवाली, तिला म्हटलं होतं, "ताई, तो औषधानं बरा झाला. उपासानं जंतू मरत नाहीत." आणि ती म्हणाली होती, "हो ना, औषधानंच. मी कोठी म्हटलं मी वाचवला? मी आपली उपाशी होतो."

ते उत्तर मी तेव्हा नीट ऐकलंच नव्हतं. आणि आकडा का नाही हे तर कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं.

ताई ओट्याला टेकून उभी होती, एक पाय पट्टीचा, वर धरलेला. "आकडा बोलाले गेलतो मी देवापुढं," ती म्हणाली. "अकरा म्हनाव का एकवीस म्हनाव? मंग मनात आलं, जितके मंगळवार बोलीन तितकेच दिवस पोरगा आपला, असं झालं त? म्हनून नाई बोललो. म्हटलं, चालू राहू दे."

तो पोरगा आता पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, नागपुरात फ्लॅटचे हप्ते फेडून मोकळा झालेला. आणि ही बाई इतकी वर्षं दर आठवड्याला न मोजता त्याचं आयुष्य पुढं ढकलत होती. साबुदाणा खाऊन. मी फळ्यावर तीन चौकोन काढत असताना.

मी मोरीपाशीच्या पाटावर बसले.  आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी धरते."

"काय धरते?"

"मंगळवार. तुमचा मी पुढं चालवते. सासूचा उपास सून नाही का घेत पुढं? तसं. मोडला असं होणार नाही."

ताई खो-खो हसली. "तू? तुले अकरा वाजता काई नाई भेटलं त शेजारच्या पोराले ओरडतेस. आन् तू त देवाले मानतच नाईस."

"मी मानत नाही हे त्याला सांगायची काय गरज आहे?"

यावर ती विचारात पडली. खरंच पडली. तिनं अटी घातल्या. साबुदाणा नाही. बटाटा नाही. चोरून बिस्कीट नाही. चहा एकदा, दूध संध्याकाळी, शेंगदाणे मूठभर. "आन् मोजाचं नाई." मी सगळ्याला हो म्हटलं. माझी साखर अजून निघालेली नाही, डॉक्टरला विचारून घेतलं. मंगळवारी सकाळी तिनं मला देवापुढं नेलं, माझ्या हातावर पाणी सोडलं आणि पुटपुटली. काय पुटपुटली ते मी ऐकायचा प्रयत्न केला. "हिले जमन नाई वाटते, पन सांभाळून घेजो," असं काहीसं होतं.

त्यानंतर किती मंगळवार झाले ते मी सांगणार नाही. मोजायचे नाहीत असं ठरलंय. ताईनं साखर सोडली. भाकर मोजून, पालेभाजी भरपूर, आणि मंगळवारी चारचौघांसारखं वेळेवर जेवण. दोन आठवड्यांनी आकडा थोडा उतरला. डॉक्टर म्हणाला, बघू अजून. मग अजून उतरला. जखमेच्या कडा आत सरकायला लागल्या. रोज पट्टी सोडताना मी श्वास रोखायची आणि ती विचारायची, "काय म्हनते?" जणू अंगठा आम्हाला काही सांगणार होता.

परवा वर्ध्याला गेलो तो नेमका मंगळवार. डॉक्टरनं पट्टी सोडली, दाबून पाहिलं, टॉर्च मारला आणि हातमोजे काढून टोपलीत टाकले. "बढिया! भर गया. अंगठा आता तुमचाच, मावशी. पट्टी नको. पण अंगठ्याची चप्पल बंद, मऊ बूट घ्या. आणि रोज पाय पाहायचा, तळव्यापर्यंत." ताईनं त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. त्याला कळेना, लाजला. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं. उन्हानं, म्हटलं.

परतीची गाडी यायला वेळ होता. वर्धा स्टेशनवर सावलीतला बाक पाहून बसलो. एक वाजून गेला होता. ताईनं डबा उघडला: अर्धी भाकर, चवळीची भाजी, काकडी. गोळी घेतली, पाणी प्याली आणि जेवायला लागली. सावकाश. प्रत्येक घास चाळीसदा चावत. चावून चावून गोड होतो म्हणे आता तिला, आणि ते ती मला दर घासाला सांगते.

माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.  मी स्वतःलाच धडा शिकवत बसले: यकृतात ग्लायकोजेन आहे, मण्यांचीच माळ, पण झाडासारखी फांद्याफांद्यांची, म्हणजे एकाच वेळी शंभर टोकांवर कात्री चालवता येते, लागेल तशी साखर रक्तात सुटते, काही होत नाही, संध्याकाळपर्यंत सहज निघेल. सगळं बरोबर होतं. चवळीच्या भाजीचा वास मात्र त्यापेक्षा जास्त बरोबर होता.

ताईनं तिरक्या नजरेनं पाहिलं. "भूक लागली काय वो, मास्तरीन?"

"लागली," मी म्हटलं.

"लागू दे," ती म्हणाली आणि काकडीचा तुकडा तोंडात टाकला. "पोरगा तुहाच हाय."